निवृत्तीनंतर नेपाळ? शेजारच्या देशाची नव्याने ओळख

गिरणी, रेल्वे, महापालिका, पोस्ट, एस.टी. नाहीतर एखादा कारखाना. जिथे तीस-पस्तीस वर्षे घाम गाळला, तिथून निरोपाचा हार गळ्यात घालून माणूस घरी येतो आणि दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न डोक्यात घोळू लागतो : आता राहायचे कुठे? शहरातली खोली मुलांच्या संसाराला पुरत नाही. गावी जावे तर घराची भिंत खचलेली, आणि ज्या वेशीबाहेरून आपले आई-बाप शहरात आले तीच वेस अजून मनात टोचत असते. मग निवृत्त माणूस दिवसभर विहारात, वाचनालयात नाहीतर नाक्यावरच्या बाकावर बसतो आणि घरी फक्त झोपायला येतो.

अशा माणसाला कोणी म्हटले, ‘बाबा, वर्षातले काही महिने परदेशात जाऊन राहा,’ तर तो हसेल. परदेश म्हणजे विमान, व्हिसा आणि डॉलर, हे आपल्याला पाठ आहे. पण एक परदेश असा आहे, जिथे भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही, रेल्वे आणि एस.टी.सारख्या बसने जाता येते, दुकानांच्या पाट्या देवनागरीत असतात, आणि जिथल्या मातीत तथागतांचा जन्म झाला. तो म्हणजे नेपाळ.

आपल्या समाजातून लुंबिनीला सहली जातात. लोक दोन दिवस राहतात, मायादेवी मंदिरासमोर फोटो काढतात आणि परत येतात. तिथे राहता येईल का, उतारवयाचे काही दिवस तिथे काढता येतील का, हा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. आम्ही तो करून पाहिला. नेपाळात दोन वेळा मुक्काम केला, माणसांना विचारले, कागद वाचले. जे हाती लागले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो आहोत. यात कोणाला भुलवायचे नाही आणि कोणाला घाबरवायचेही नाही.

गुरखा, पशुपतिनाथ आणि हिंदू राष्ट्र

आपल्याकडे नेपाळ म्हटले की तीन चित्रे उभी राहतात. पहिले, रात्री काठी आपटत फिरणारा गुरखा. दुसरे, पशुपतिनाथाचे देऊळ. आणि तिसरे, जगातले एकमेव हिंदू राष्ट्र. ‘त्या देशात आपले काय काम?’ असे आपली जुनी माणसे म्हणत आली, ते या तिसऱ्या चित्रामुळे.

यातले पहिले चित्र आपल्या आळसातून तयार झाले आहे. गोरखा हे एका जागेचे आणि जुन्या राज्याचे नाव. तिथून निघालेल्या राजाने अठराव्या शतकात सध्याचे नेपाळ एकत्र केले. पुढे फौजेत भरती झालेल्या नेपाळी जवानांना हेच नाव पडले. हे जवान प्रामुख्याने मगर, गुरुंग, राई, लिंबू या जमातींचे. गुरुंग, तामांग, शेर्पा या जमातींत बौद्ध मोठ्या संख्येने आहेत. तुमच्या इमारतीच्या दाराशी बसणारा, ज्याला सगळे नुसते ‘बहादूर’ म्हणतात, तो तामांग किंवा गुरुंग असेल तर कदाचित बौद्धच असेल. त्याला त्याचे खरे नाव कोणी विचारले आहे का? आणि हेही सांगितले पाहिजे की, आपण त्यांना ‘बहादूर’ म्हणून एका खोक्यात टाकतो, तसे काठमांडूतली काही माणसे आपल्याला ‘धोती’ म्हणून दुसऱ्या खोक्यात टाकतात. शेजारी इतका जवळचा असूनही ओळख किती वरवरची आहे, ते यावरून दिसते.

हिंदू राष्ट्राचे चित्र एके काळी खरे होते. १९६२ च्या राज्यघटनेने नेपाळला हिंदू राज्य ठरवले होते. परंतु १८ मे २००६ रोजी तिथल्या प्रतिनिधी सभेने देश धर्मनिरपेक्ष असल्याचे जाहीर केले. २८ मे २००८ रोजी राजेशाही संपली आणि प्रजासत्ताक आले. २०१५ च्या घटनेतही ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द कायम राहिला. त्याच कलमाच्या खुलाशात मात्र सनातन काळापासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीचे रक्षण असाही अर्थ जोडलेला आहे. म्हणजे दार उघडले, पण जुना उंबरठा तसाच राहिला. २०२१ च्या जनगणनेत सुमारे २ कोटी ९१ लाख लोकसंख्येपैकी हिंदू ८१ टक्के आणि बौद्ध ८ टक्क्यांहून थोडे जास्त, म्हणजे जवळपास २४ लाख होते.

जिथून भिक्खूंना हाकलले, तिथेच बाबासाहेब बोलले

राणा घराण्याच्या राजवटीत, १८५४ साली, ‘मुलुकी ऐन’ नावाचा कायदा झाला. त्याने साऱ्या जनतेला जातींच्या उतरंडीत बसवले. वर जानवे घालणारे, मध्ये दारू पिणाऱ्या म्हणून ओळखल्या गेलेल्या जमाती, आणि सर्वांत खाली ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही ते. आपल्याकडे जे स्मृतिग्रंथांत होते, ते तिथे सरकारी कायद्याच्या पुस्तकात होते.

या राजवटीला बौद्ध भिक्खू सोसवले नाहीत. भिक्षापात्र घेऊन रस्त्यावर फिरणारा, जन्माने कोणत्याही घरचा माणूस चीवर घालू शकतो असे सांगणारा भिक्खू म्हणजे त्यांना धोका वाटला. १९४४ साली पंतप्रधान जुद्ध शमशेर यांच्या हुकमाने आठ भिक्खूंना देशाबाहेर काढण्यात आले. ते भारतात आले आणि त्याच वर्षी सारनाथला ‘धर्मोदय सभा’ स्थापन झाली. १९४६ मध्ये श्रीलंकेचे नारद महाथेरो एक शिष्टमंडळ घेऊन काठमांडूला गेले आणि त्यांच्या प्रयत्नाने या भिक्खूंना परतण्याची वाट मिळाली.

पुढच्या दहाच वर्षांत काळ किती बदलला पाहा. नोव्हेंबर १९५६ मध्ये त्याच काठमांडूत जागतिक बौद्ध परिषदेचे चौथे अधिवेशन भरले. राजे महेंद्र उद्घाटनाला होते. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा घेऊन आणि लाखोंना देऊन परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रकृती ढासळलेली असताना तिथे गेले, आणि २० नोव्हेंबरला बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. त्यानंतर सोळा दिवसांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आपल्या घराघरांत दीक्षाभूमीची आणि चैत्यभूमीची तसबीर असते. या दोन तारखांच्या मधला काठमांडूचा मुक्काम मात्र आपल्या आठवणीतून निसटला आहे.

बाईमाणसांनीही एक नाव लक्षात ठेवावे. पाटणची एक किशोरवयीन शाक्य मुलगी शिकण्यासाठी घर सोडून ब्रह्मदेशात गेली, धम्माचा अभ्यास करून परत आली, आणि १९६५ साली काठमांडूत ‘धर्मकीर्ती विहार’ उभा राहिला. या धम्मावती गुरुमाँ. त्यांच्या विहाराने बायकांना आणि मुलांना साध्या भाषेत बुद्धविचार शिकवायला घेतला. आजही तिथे उपासिकांची वर्दळ असते.

दार उघडे आहे, पण कशाला?

३१ जुलै १९५० रोजी भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता व मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने एका देशाच्या नागरिकांना दुसऱ्या देशात राहण्याची, ये-जा करण्याची, व्यापार करण्याची परस्पर मोकळीक दिली. म्हणून भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, आणि इतर देशांच्या पाहुण्यांसारखी मुक्कामाची मुदत मोजत बसावे लागत नाही. सीमेवर दाखवायला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र पुरते. पासष्ट वर्षांवरील ज्येष्ठांना त्याऐवजी आधार कार्ड, पॅन कार्ड किंवा फोटो व वय दाखवणारे तत्सम ओळखपत्र चालते. साठीतल्या माणसाने मात्र नुसत्या आधारवर विसंबून निघू नये. मतदार ओळखपत्र जवळ हवेच.

मालमत्तेचे दार मात्र बंद आहे. करारात मालमत्तेचा उल्लेख असला, तरी नेपाळच्या कायद्याने परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही आणि यात भारतीयही आले. कोणी म्हणेल, ‘माझ्या ओळखीच्या नेपाळी माणसाच्या नावावर घेऊ, पैसे तुम्ही द्या.’ तिथे हात जोडून मागे फिरावे. भविष्यनिर्वाह निधीचा पैसा एकदाच मिळतो. तिथे राहायचे ते भाड्याने, नाहीतर विहाराच्या धर्मशाळेत.

दुसरी मर्यादा समजून घेणे आपल्याला अधिक गरजेचे आहे. आपला धम्म पाळायला, वंदना घ्यायला, विहारात जायला पूर्ण मोकळीक आहे. पण दुसऱ्याचे धर्मांतर करणे हा तिथे फौजदारी गुन्हा आहे. घटनेच्या २६ व्या कलमातच तशी बंदी आहे, आणि शिक्षा भोगून झाल्यावर परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याची तरतूद आहे. आपल्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांना कुठेही चार माणसे दिसली की बोलावेसे वाटते. तिथे उपासक म्हणून राहावे, प्रचारक म्हणून नव्हे.

तीन ठिकाणे, तीन तऱ्हा

लुंबिनी. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कुशीनगर एक्स्प्रेस नाशिक, भुसावळ करीत गोरखपूरला जाते. तिथून सोनौलीची सीमा सुमारे शंभर किलोमीटर. पलीकडे भैरहवा, आणि तिथून लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर. भैरहव्याला २०२२ पासून गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळही आहे, पण आपल्याला रेल्वेच बरी.

१८९६ साली इथे सम्राट अशोकाचा स्तंभ सापडला. ‘येथे बुद्ध जन्मले’ हे त्यावर कोरलेले आहे, आणि म्हणून या गावचा कर कमी करून आठवा हिस्सा केल्याचेही कोरलेले आहे. राजाने जन्मस्थळाला मान दिला तो गावकऱ्यांच्या पोटाचा विचार करून. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट १९६७ मध्ये इथे आले आणि त्यांच्या पुढाकाराने जगाचे लक्ष वळले. जपानी वास्तुकार केन्झो टांगे यांचा आराखडा १९७८ मध्ये मंजूर झाला. मधोमध कालवा, पूर्वेला थेरवादी देशांचे विहार आणि पश्चिमेला महायान परंपरेचे. १९९७ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा ठरले. धम्मजननी हे विपश्यना केंद्रही इथे आहे. इगतपुरीला दहा दिवस बसलेल्यांना तिथली शिस्त नवी वाटणार नाही.

पण एक गोष्ट पाहुण्याला चकित करते. विहारांच्या कुंपणाबाहेरच्या गावांत बौद्ध माणूस क्वचितच भेटतो. आजूबाजूला मुस्लिम, थारू आणि मधेशी शेतकरी राहतात. त्यांच्या बोलीत अवधी आणि भोजपुरी मिसळलेली असते, त्यामुळे आपले हिंदी छान चालते. उन्हाळा विदर्भासारखा भाजून काढतो, आणि डिसेंबर-जानेवारीत धुके इतके दाट की सूर्य दिवस दिवस दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे इथले खरे दिवस. फार काळ राहिल्यास एकटेपण जाणवते. संध्याकाळी सहलीच्या बसगाड्या निघून गेल्या की शांतता पसरते. ती कोणाला मानवते, कोणाला खायला उठते.

पोखरा. समुद्रसपाटीपासून आठशेएक मीटर उंचीवर, तळ्याकाठचे शहर. समोर अन्नपूर्णाची हिमशिखरे. हवा ना फार गरम ना फार थंड, पण पाऊस कोकणाची आठवण करून देणारा. गुडघे दुखणाऱ्यांनी पावसाळा टाळावा. इथे गुरुंग वस्ती मोठी, तिबेटी निर्वासितांच्या वसाहती आहेत आणि डोंगरावर शांती स्तूप आहे.

पोखऱ्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे : भारतीय सैन्याच्या निवृत्त गोरखा जवानांना पेन्शन देणारे भारत सरकारचे कार्यालय. अशी कार्यालये काठमांडू, पोखरा आणि धरान इथे आहेत. नेपाळात लाखाहून अधिक कुटुंबे भारताच्या पेन्शनवर जगतात. म्हणजे ‘भारतीय पेन्शनवर नेपाळात म्हातारपण’ ही आमची कल्पना मुळीच नवी नाही. ती तिथल्या पेन्शनरांच्या रांगेत उभी आहे. फरक इतकाच की, त्यांना स्वतःचे घर आणि शेत आहे. आपल्याला भाडे द्यावे लागेल.

काठमांडू आणि पाटण. पाटण म्हणजेच ललितपूर. इथल्या गल्लीबोळांत नेवार बौद्धांचे जुने विहार आहेत, त्यांना ‘बहा’ म्हणतात. चौकात चैत्य, कडेने घरे, उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या, पोरांचा खेळ. आपल्या चाळीच्या अंगणाची आठवण यावी असा देखावा. पण या जुन्या विहारांचे सभासद फक्त शाक्य आणि वज्राचार्य घराण्यांतले पुरुष होतात, आणि तेही जन्माने. बुद्धाच्या नावाने जात टिकून राहिली, ती अशी. सर्वांना खुले आहेत ते नव्या थेरवादी परंपरेचे विहार. स्वयंभूजवळचा आनंदकुटी विहार आणि शहरातला धर्मकीर्ती विहार हे त्यांतले ठळक. काठमांडूत धूळ आणि धूर फार. दम्याच्या माणसाने तिथे दर्शनापुरतेच थांबावे.

पेन्शनचा हिशोब

नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून बांधलेला आहे : आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. पंधरा हजारांची पेन्शन तिथे चोवीस हजार होते आणि ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. पण त्यात फसू नये. नेपाळ बराचसा माल भारतातूनच नेतो. वाहतूक आणि जकात भरून तेल, साबण, औषधे, डाळी तिथे पोहोचतात, तेव्हा त्यांची किंमत आपल्यापेक्षा स्वस्त नसते, उलट काही वस्तू महाग पडतात. स्वस्त असतो तो स्थानिक भाजीपाला, मोठ्या शहराबाहेरचे घरभाडे आणि साधे राहणे. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीची किमान पेन्शन २०१४ पासून एक हजार रुपये ठरली. तेवढ्यावर ज्याची गुजराण इथे होत नाही, त्याची तिथेही होणार नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. हा विचार पेन्शन बरी असलेल्यांनी, किंवा पेन्शनबरोबर ठेवीचे व्याज येणाऱ्यांनी करावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

सीमेपलीकडे भारतीय शंभराच्या नोटा सहज चालतात. मोठ्या नोटांचे नियम वेळोवेळी बदलले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी बँकेत विचारावे. २०२४ पासून भारतीय यूपीआयने तिथल्या अनेक दुकानांत पैसे देता येतात. सरकारी पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नये. तो वकिलातीमार्फतही देता येतो, पण सोपा मार्ग म्हणजे त्या महिन्यात घरी असणे. रेशन कार्ड, खोलीची पावती, सोसायटीची बैठक, पुनर्विकासाची नोटीस यांवर लक्ष ठेवायला घरचे माणूस हवे. बंद खोलीचे काय होते, हे शहरात राहणाऱ्यांना सांगायला नको.

दुखणे-खुपणे

सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून मिळणारे आयुष्मान कार्ड, महात्मा फुले जनआरोग्य योजना, राज्य विमा योजनेचा दवाखाना : ही सारी सोय सोनौलीच्या फाटकापर्यंतच. पलीकडे प्रत्येक इंजेक्शनचे पैसे खिशातून. म्हणून ज्यांना हृदयविकार आहे, डायलिसिस चालू आहे, कर्करोगाचे उपचार सुरू आहेत, त्यांनी लांब मुक्कामाचा विचार करू नये. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी तीन महिन्यांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्यावी. लुंबिनीतल्या माणसाला एक आधार आहे. सीमा ओलांडून गोरखपूर गाठले की तिथे २०२१ मध्ये सुरू झालेले ‘एम्स’ आहे.

एका बाबतीत मात्र उलटी वाट आहे. डोळ्यांच्या उपचारांसाठी उत्तर प्रदेश-बिहारची माणसेच नेपाळात जातात. भैरहव्याच्या नेत्र रुग्णालयात आपल्या बाजूच्या खेडुतांची रीघ असते. काठमांडूची तिलगंगा नेत्रसंस्था १९९४ मध्ये सुरू झाली. तिचे डॉ. सान्दुक रुइत यांनी मोतीबिंदूनंतर बसवायचे भिंग नेपाळातच स्वस्तात तयार करवले आणि गरिबांना दृष्टी दिली. त्यांना २००६ चा मॅगसेसे पुरस्कार आणि भारत सरकारची पद्मश्री मिळाली. ज्याला आपण रखवालदारांचा देश समजत होतो, तो हा देश.

‘थर’ विचारणारा घरमालक

आता सर्वांत नाजूक गोष्ट. नेपाळात आडनावाला ‘थर’ म्हणतात. सरकारी अर्जावरही नाव आणि थर असे दोन रकाने असतात. मराठीत थर म्हणजे एकावर एक रचलेला स्तर. तिथे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

१९६३ च्या नव्या मुलुकी ऐनाने जातिभेदाला असलेला कायद्याचा आधार काढला. २०११ साली जातिभेद आणि अस्पृश्यता यांविरुद्ध शिक्षेचा स्वतंत्र कायदा झाला. २०१५ च्या घटनेत दलितांच्या हक्कांचे वेगळे कलम आहे. तरीही मे २०२० मध्ये पश्चिम रुकुम जिल्ह्यात, उच्च जातीच्या मुलीवर प्रेम करणारा दलित तरुण आणि त्याचे मित्र असे सहा जण जमावाच्या हल्ल्यात मेले. जून २०२१ मध्ये खुद्द काठमांडूत एका महिला पत्रकाराला ती दलित असल्याचे कळल्यावर खोली नाकारली गेली, आणि ते प्रकरण देशभर गाजले. नेपाळच्या लोकसंख्येत दलित सुमारे तेरा टक्के आहेत. लोहारकाम करणारे, शिवणकाम करणारे, कातडे कमावणारे. त्यांच्या चळवळीत बाबासाहेबांचे नाव आदराने घेतले जाते.

कांबळे, गायकवाड, मेश्राम, वानखेडे ही आडनावे तिथल्या घरमालकाला काही सांगत नाहीत. आम्हांला थर विचारला गेला, तेव्हा ‘आम्ही बौद्ध’ एवढे उत्तर पुरले. पण आपले आडनाव तिथे अनोळखी आहे म्हणून जात नाही असे मानणे, ही स्वतःची समजूत घालणे होईल. आपल्याला खोली मिळाली आणि शेजारच्या विश्वकर्मा आडनावाच्या माणसाला नाकारली गेली, तर आपण काय करणार? पाहुणा म्हणून गप्प बसणार का? नेपाळात राहायला जाणाऱ्या आपल्या माणसाने या प्रश्नाचे उत्तर सामान बांधण्यापूर्वीच ठरवलेले बरे.

घरच्या बाईला विचारले का?

निवृत्तीचे बेत बहुधा पुरुष करतात. बाईची निवृत्ती कुठल्या कार्यालयात नोंदलेली नसते. नव्या गावी जायचे म्हणजे नवरा विहारात जाणार, आणि ती नव्या चुलीपुढे उभी राहणार, असे होणार असेल तर न गेलेले बरे.

लुंबिनीत आणि पाटणात आम्हांला दिसले ते असे. भाषा बायकांना लवकर येते. पाटी वाचता येते : ‘औषधि पसल’ म्हणजे औषधांचे दुकान, ‘अस्पताल’ म्हणजे दवाखाना. जेवण दाल-भात-तरकारी. आपल्या पोह्यांना तिथे ‘चिउरा’ म्हणतात आणि तो कोरडाच खातात. म्हशीच्या मांसाचे मोमो गल्लोगल्ली मिळतात. गाय मात्र राष्ट्रीय प्राणी आहे आणि गोहत्या गुन्हा. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे, सुट्टी शनिवारची, आणि सरकारी कागदावर विक्रम संवताचे साल, म्हणजे आपल्या सालात सत्तावन्नच्या आसपास मिळवायचे.

खरी ओढ लागते ती नातवंडांची. रोज संध्याकाळी फोनवर तोंड दिसते, पण फोनवरून पोराला शाळेत सोडता येत नाही. सून नोकरीला जात असेल, तर आजी-आजोबा नेपाळात जाऊन बसल्यावर घराचा गाडा कसा चालेल, हेही पाहावे लागेल. काही घरांत आई-आबा दूर गेल्याने खोलीत जागा होईल आणि नाती गोड होतील. काही घरांत ते पळून गेल्यासारखे वाटेल. ज्याने त्याने आपले घर ओळखावे.

आमचे मत

नेपाळ हे बुद्धाचे जन्मस्थान आहे, म्हणून तिथे सगळे छान असेल असे नाही. ते हिंदू राज्य होते, म्हणून तिथे आपले काही नाही असेही नाही. एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनाने सरकार पडले आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. धडपडणारा, चुकणारा, पुन्हा उभा राहणारा असा तो देश आहे. आपल्यासारखाच.

घर विकून, पाळेमुळे उपटून तिथे कायमचे जाऊ नये, असे आम्हांला वाटते. पण वर्षातले दोन-तीन महिने, तब्येत धड असेपर्यंत, पती-पत्नी दोघांनी, किंवा दोन-तीन स्नेही जोडप्यांनी मिळून तिथे राहणे हे आपल्या माणसाच्या आवाक्यातले आहे. एकत्र गेल्याने भाडे वाटले जाते, आजारपणात शेजार मिळतो आणि बायकांना सोबत होते.

पहिल्या खेपेला ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरची सुरुवात असे पंधरा दिवसच जावे. लुंबिनीत आठ दिवस, मग बसने सिद्धार्थ राजमार्गाने पोखरा. परत आल्यावर दोघांनी बसून, खर्चाची वही पुढे ठेवून ठरवावे. बरोबर मतदार ओळखपत्र आणि त्याच्या दोन प्रती, औषधे, शंभराच्या नोटा, जाड स्वेटर, आणि घरच्यांचा व शेजाऱ्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. परतीच्या रेल्वेचे आरक्षण मुंबईहून निघण्यापूर्वीच करावे. सणासुदीत गोरखपूरहून मुंबईकडे येणाऱ्या गाडीत जागा मिळणे कठीण असते.